दोरीपलीकडचं बटाट्याचं शेत

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या नगरसभेचे सभापती माननीय मुरोई-सान, वेळात वेळ काढून आलेले नगराध्यक्ष, माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, मंदिराचे पुजारी एशुन-सान, हाचिमाकी टेकडी समितीचे सर्व सभासद, दूध काढून गोठ्यातून थेट इथे आलेली मंडळी, मागच्या रांगांत कोट न काढताच बसलेली आमची तरुण मुलं-मुली, आणि जिला निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत पण जी मघापासून मला डोळ्यांनी 'आवरतं घे' म्हणून खुणावते आहे, ती आपली कानामोरी हात्सुए-सान...

मी अजून सुरुवातसुद्धा केलेली नाही, हात्सुए-सान. आवरू कसलं?

मंडळी, समितीची उपाध्यक्ष म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. मी टोफू करणारी बाई. पहाटे सोयाबीन वाटायचं, दुपारी दुकान झाकायचं, एवढंच मला येतं. पण माझं दुकान आणि हात्सुए-सानचं सलून यांच्यामध्ये एकच लाकडी भिंत आहे, आणि ती भिंत बांधणाऱ्या सुताराने काम जरा घाईत केलं असावं. तीस-बत्तीस वर्षं त्या सलूनमधला प्रत्येक शब्द मला ऐकू आला आहे. घाबरू नका मुरोई-सान, सगळं सांगणार नाही.

आपल्या रुबेनाई गावात आलेला पाहुणा पहिल्यांदा विचारतो, की या टेकडीचं नाव हाचिमाकी का? आपण हात करून दाखवतो. माथ्याखाली बर्च झाडांचा पट्टा आहे ना, तो लांबून हाचिमाकीसारखा, कपाळाला बांधलेल्या पट्टीसारखा दिसतो. पाहुणा बघतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "लहान आहे हो!" लहान आहेच. एक लिफ्ट, दोरीला धरून वर नेणारं एक यंत्र, एक लाकडी विश्रामघर. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी कोण असा आहे, जो त्या उतारावर पहिल्यांदा पडला नाही? आपल्या आज्या तिथे पडल्या, आया पडल्या. मोठ्या भावाच्या स्की धाकट्याने घातल्या, धाकट्याच्या शेजारच्याने. शाळा सुटली की मुलं खांद्यावर स्की टाकून तशीच टेकडीकडे निघायची, आणि वाटेत हात गरम करायला हात्सुए-सानच्या स्टोव्हपाशी थांबायची. गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून ही त्यांचे हातमोजे स्टोव्हवर वाळत घालायची. गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर म्हणायची, "तुमचं डोकं कुठे पळून चाललंय?"

आता गंमत अशी, की ही बाई स्वतः कधी स्कीवर उभी राहिलेली नव्हती. ती मूळची समुद्रकाठची. लग्न होऊन इथे आली तेव्हा नवऱ्याने एकदा आग्रह केला, तर म्हणाली, "मला खाली यायचंच असेल तर मी मुळात वर कशाला जाऊ?" त्यानंतर त्या माणसाने बिचाऱ्याने विषय काढला नाही. तो गेला, मुलगी नीगाताला सासरी गेली, आणि हात्सुए-सान सलून आणि स्टोव्ह सांभाळत राहिली.

मग ते वर्ष आलं. लिफ्टची तपासणी झाली, आणि नगरपालिकेने कळवलं की तार जुनी झाली आहे, दुरुस्ती आपल्या आवाक्यातली नाही, टेकडी बंद करावी लागेल. आणि त्याच सुमारास एक कंपनी आली. तिचं नाव मी घेत नाही, त्यांनी आपल्याशी काही वाईट केलं नाही. माणसं अदबीने वागणारी होती. ते म्हणाले, टेकडी आम्हाला द्या, नवी लिफ्ट बसवतो, पायथ्याशी हॉटेल बांधतो, गावातल्यांना कामं मिळतील. आपल्यापैकी पुष्कळांना ते पटलं. मलाही पटलं होतं. हॉटेल म्हणजे टोफू आला, नाही का?

त्या कंपनीचे एक गृहस्थ एका दुपारी केस कापायला हात्सुए-सानकडे आले. चांगला माणूस, बोलका. भिंतीपलीकडे मी कढई घासत होते.

हात्सुए-सान म्हणाली, "मग साहेब, आमच्या टेकडीवर लोक लांबून येतील म्हणता?"

"येतील ना! लोकांना काय हवं असतं, ठाऊक आहे? रिकामा बर्फ. गर्दी नसलेला. आम्ही तेच विकतो. फक्त सभासदांसाठी."

"गर्दी म्हणजे कोण?"

कात्री थांबली. तो म्हणाला, "म्हणजे... शाळेची मुलं, इथली मंडळी. त्यांनाही दिवस ठेवू आम्ही. ठरावीक."

"हं," हात्सुए-सान म्हणाली. बस, एवढंच. कात्री पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण तो गृहस्थ गेल्यावर ती मागच्या दाराने माझ्याकडे आली. हातात कात्री तशीच. "तोकिए," ती म्हणाली, "आपण गर्दी आहोत."

मी म्हटलं, "काय?"

"गर्दी. मी, तू, गोठेवाल्या कुदोची पोर, सगळे. आत्ता एका माणसाने मला माझ्याच खुर्चीत बसून सांगितलं." मग म्हणाली, "त्याचे केस मात्र मी नीट कापले हां."

त्या दिवसापासून तिच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक डोक्याला टेकडीविषयी बोलावं लागलं. आपल्या गावात सलून एकच. पुढचं प्रकरण सांगायला मी सभापतींची परवानगी घेत नाही, कारण ते देणार नाहीत. नगरसभेच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मुरोई-सान दाढीला आले. हात्सुए-सानने फेस लावला, एक गाल स्वच्छ केला, आणि वस्तरा पुसून बाजूला ठेवला.

"सभापती, उद्या टेकडीचं काय करणार?"

"अहो, ते सभा ठरवेल. आधी हा दुसरा गाल..."

"दुसरा गाल उत्तर मिळाल्यावर."

"हात्सुए-सान, ही जबरदस्ती झाली!"

"जबरदस्ती कसली? दार उघडं आहे. जा की असेच."

बाहेर बाजारपेठ, समोर शिंप्याचं दुकान, आणि एका गालावर फेस. मुरोई-सानने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "गावकऱ्यांनी स्वतः चालवून दाखवली, तर एक हिवाळा थांबू शकतो. एकच. त्याहून जास्त माझ्या हातात नाही." आणि हात्सुए-सान म्हणाली, "मान वर करा."

हसा, हसा. पण दुसऱ्या दिवशी सभेत मुरोई-सान उभे राहिले आणि त्यांनी ते बोलून दाखवलं, आणि त्यावरून त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं तेही आपल्याला माहीत आहे. तेव्हा फेसाचा भाग सोडा. त्या माणसाने शब्द पाळला.

तो पहिला हिवाळा आठवतो? लिफ्ट चालवायला परवानगी नव्हती. खुर्च्या वर तशाच लटकलेल्या, त्यांच्यावर बर्फ साचलेला. लोक म्हणाले, लिफ्टशिवाय टेकडी म्हणजे काय? हात्सुए-सान म्हणाली, "पाय आहेत ना?" कुदो-सानने त्यांच्या गोठ्यातलं काम आटोपून बर्फ दाबायची जुनी गाडी चालवली. एशुन-सान मंदिराचं आवरून विश्रामघराच्या तिकिटाच्या खिडकीत बसायला लागले. आम्ही बायकांनी पातेलंभर मिसो सूप आणि करी-भात केला. आणि मुलं चढली! स्की खांद्यावर घेऊन, रांगेने. वर जायला इतका वेळ, खाली यायला इतकासा. पुन्हा वर. रात्री घरोघरी पोरं जेवता जेवता ताटावर झोपायला लागली. मी माझ्या धाकट्याला विचारलं, "कंटाळा नाही येत रे चढायचा?" तर म्हणाला, "वरून आपलं घर दिसतं." मंडळी, लिफ्टवरूनही ते दिसत होतंच. पण त्याआधी त्याने कधी बघितलं नसावं.

हिवाळा सरला तेव्हा नगरसभेत एकानेही टेकडी विकायची भाषा केली नाही. दुरुस्तीला नगरपालिकेने हात दिला, प्रांताने दिला, कंपनीची मंडळी नमस्कार करून दुसऱ्या खोऱ्यात गेली. लिफ्ट फिरली. टेकडी आपली झाली.

इथेच गोष्ट संपवली असती तर किती छान झालं असतं, नाही? आपण सगळे शहाणे, सगळे शूर. तशी ती पुष्कळदा सांगितलीही जाते. मागे वर्तमानपत्रवाले आले होते, त्यांना आपण तेवढीच सांगितली. पण हात्सुए-सानचा निरोप त्या अर्ध्या गोष्टीवर उरकला, तर तिच्यावर अन्याय होईल.

टेकडी आपली झाली, म्हणजे नेमकी कोणाची? आपण समिती केली, हात्सुए-सानला अध्यक्ष केलं, नियम केले. जो टेकडीचं काम करील तो सभासद. सभासद आणि त्याचं कुटुंब, यांच्यासाठी टेकडी. नियम वाईट नव्हता. राबणाऱ्याला हक्क, यात चूक काय? मीही हात वर केला होता.

पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या सुमारास एका रविवारी गोठ्यांवर काम करणारी व्हिएतनामची पाच-सहा मुलं-मुली टेकडीवर आली. पायात गोठ्यातलेच रबरी बूट, आणि बसून घसरायला पेंडीची रिकामी पोती. खिडकीवर त्या दिवशी जे कोणी होते, त्यांनी नम्रपणे सांगितलं, की ही टेकडी सभासदांची आहे. मुलं वाकून नमस्कार करून परत गेली. भांडण नाही, आवाज नाही. ती गेलेली कोणाच्या लक्षातही आली नसती.

पण त्यातली एक, दीएप, पुढच्या आठवड्यात हात्सुए-सानच्या खुर्चीत येऊन बसली. दीएप म्हणजे कुदो-सानच्या गोठ्यावरची. उंच डोंगरातली मुलगी, तिकडच्या 'सोन ला' नावाच्या भागातली. गालांवर लाली, बोलणं तुटक, हसणं मोठं. कपाळावरचे केस डोळ्यांत यायचे, तेवढे कापून घ्यायला यायची.

"दीएप-चान, टेकडीवर गेली होतीस म्हणे?"

"गेले. परत आले."

"का गं?"

"टेकडी गावाची आहे, म्हणाले."

"मग तू कुठली?"

मुलीने जरा विचार केला. ती चिडलेली नव्हती, हे मला भिंतीपलीकडूनसुद्धा कळत होतं. खरं उत्तर शोधत होती. मग म्हणाली, "मी गावाची नाही. कामाची."

मी हातातला टोफू पाण्यात सोडला आणि तशीच उभी राहिले.

समितीची बैठक विश्रामघरात झाली. हात्सुए-सानने मांडलं, की गावात जो राहतो त्या प्रत्येकाला टेकडी मोकळी करा, सभासद असो नसो. सगळ्यात आधी उठले ते कुदो-सान. कुदो-सान, तुम्ही काल मला म्हणालात, 'माझं बोलणं गाळू नका, होतं तसं सांगा.' म्हणून सांगते.

कुदो-सान म्हणाले, "कुणाचा पाय मोडला तर?"

"तुमची बायको इस्पितळात होती तेव्हा गोठा कोणी सांभाळला?" हात्सुए-सानने विचारलं.

"दीएपने."

"मग?"

"म्हणूनच तर भीती वाटते!" कुदो-सान ओरडलेच. "ती पोर आहे म्हणून माझा गोठा चालू आहे. तिला काही झालं तर तिच्या आईबापाला मी काय सांगू? मला त्यांची भाषा येत नाही, हात्सुए-सान. 'माफ करा' एवढंसुद्धा म्हणता येत नाही!"

त्या माणसाचं बोलणं खोटं नव्हतं. हात्सुए-सानलाही ते कळलं असावं, कारण ती हळू आवाजात बोलली, आणि ती हळू बोलते तेव्हा जास्त जपून ऐकावं लागतं. ती म्हणाली, "त्या कंपनीच्या माणसाने आपल्याला गर्दी म्हटलं, तेव्हा आपल्याला झोंबलं. त्याच्याकडेही कारणं होती. त्यालाही कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आपल्याकडेही कारणं आहेत. पण मग आपल्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

चिठ्ठ्या टाकल्या. सुपाच्या वाडग्यात. एशुन-सानने उघडून वाचल्या, आणि हात्सुए-सान हरली. थोडक्यात, पण हरली. मला वाटलं, आता ही अध्यक्षपद सोडणार, काही तरी लागट बोलून निघून जाणार. तिने वाडगा उचलला, विसळला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "बरं. चहा घेणार ना सगळे?"

पुढच्या रविवारी मी विश्रामघरात भात शिजवत होते. कोणी तरी हाक मारली, "तोकिए-सान, बाहेर या, बाहेर या!" आपल्या टेकडीची हद्द जिथे संपते तिथे नारिंगी दोरी होती, आणि दोरीपलीकडे हात्सुए-सानच्या दिराचं बटाट्याचं शेत. हिवाळ्यात काय, पांढरा उतारच. त्या शेतात हात्सुए-सान! पासष्टी ओलांडलेली बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात कुणाच्या तरी नातवाच्या जुन्या स्की, आणि आजूबाजूला दीएप आणि तिची मंडळी, प्रत्येकाच्या पायात अडगळीतून काढलेलं काहीबाही. शिकवणारा एकही नाही. ज्यांना येत नव्हतं ते ज्यांना येत नव्हतं त्यांना धरून उभे होते. एक पडला की सगळी माळ पडायची. आणि हसणं! लिफ्टच्या आवाजावर ऐकू येत होतं.

मी दोरीपाशी गेले. म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?"

"समितीचा नियम टेकडीला आहे," ती बर्फात बसूनच म्हणाली. "बटाट्यांना नाही. आता मला उठव."

लिफ्टवरून वर जाणारी पोरं माना वळवून बघत होती, दात काढत होती. पण किती वेळ नुसतं बघवणार? कुदो-सानची मुलगी मादोका, तेव्हा आठवीत होती, टेकडीवरून सरळ खाली आली आणि वाकून दोरीखालून पलीकडे गेली. "हात्सुए-सान, गुडघे वाकवा! असे नाही हो, खुर्चीत बसल्यासारखे!"

"मी आयुष्यभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवलं गं. मला कुठे येतंय!"

"दीएप-सान, तुम्ही पुढे बघा, पायाकडे नको!"

पुढच्या रविवारी मादोकाच्या वर्गातल्या आणखी चौघी गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पोरांचा थवाच. शेताचा उतार बेताचा, लिफ्ट नाही, काही नाही. पण शिकवण्याची मजा असते ना! चौथीतली पोरं विशी-पंचविशीतल्यांना ओरडून शिकवत होती. एका दुपारी मी बघितलं, तर लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्याच वर चालल्या होत्या, एकामागून एक, आणि शेत भरलं होतं. आपण एवढं झगडून वाचवलेली टेकडी, मंडळी, आणि तिच्यावर आपलीच मुलं नव्हती. कुदो-सान बर्फाच्या गाडीवर बसून नुसते पाहत होते. गाडी चालू होती, पण हलत नव्हती.

आणि त्याच दुपारी ती पडली. तशी ती दर रविवारी वीस वेळा पडायची. पण या वेळी हात अंगाखाली आला. उजवा. दीएप आणि मादोकाने तिला घसरगाडीवर घालून दोरीपर्यंत आणलं. पलीकडून कुदो-सान धावत आले, उचलून आपल्या गाडीत घातलं, आणि शेजारच्या गावच्या इस्पितळात नेलं. मी मागे बसले होते. अर्ध्या रस्त्यात हात्सुए-सान, चेहरा कागदासारखा पांढरा, म्हणाली, "कुदो-सान, बघितलंत ना?"

"काय?"

"मोडलं ते माझंच. पोरींना खरचटलंसुद्धा नाही. आता घाबरू नका."

कुदो-सान गाडी चालवत राहिले. मला आरशात त्यांचे डोळे दिसले. ते मी सांगणार नाही.

पुढच्या रविवारी हात्सुए-सान हाताला प्लास्टर घालून आली, तर दोरी जागेवर नव्हती. खांबाला नीट गुंडाळून ठेवलेली. आणि लिफ्टच्या पायथ्यापासून बटाट्याच्या शेतापर्यंत बर्फ दाबून केलेला रुंद रस्ता. कोणी केला हे विचारायची गरज नव्हती. ती गाडी गावात एकालाच चालवता येते. दीएप आणि मंडळी त्या रस्त्याने लिफ्टपाशी आली, जरा बिचकत, आणि खिडकीत बसलेले एशुन-सान म्हणाले, "या, या, खुर्ची आली की पटकन बसायचं, लाजायचं नाही." मुरोई-सानने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "पण ठराव?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात करू." उन्हाळ्यात केला. काय लिहायचं यावर दोन तास वाद झाला, 'रहिवासी' लिहावं की 'गावात काम करणारे' की 'पाहुण्यांसह', आणि शेवटी एशुन-सान कंटाळून म्हणाले, "'जो येईल तो' लिहा आणि जेवायला चला." आज आपल्या नियमात तेच आहे.

आता जे बोलणार आहे ते बोलू नकोस, असं हात्सुए-सानने मला बजावलं आहे. मी बोलणार.

तो हात नीट जुळला नाही. प्लास्टर निघालं, महिने गेले, पण कात्री धरली की बोटं थरथरायची. वस्तरा तर तिने स्वतःच बाजूला ठेवला, म्हणाली, "मुरोई-सानचा गाल मला प्रिय आहे." गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत, तिनेच ती परत पाठवली. एका सकाळी सलूनची खूण म्हणून दारात फिरणारा लाल-पांढरा-निळा खांब थांबला. भिंतीपलीकडे शांतता झाली, आणि मला माझ्याच दुकानात चुकल्यासारखं होऊ लागलं. लोक हळहळले, की टेकडीपायी सलून गेलं. ती कोणालाही तसं म्हणू देत नाही. पण मंडळी, आपण म्हणायला हवं. एखादी गोष्ट सगळ्यांसाठी खुली राहते तेव्हा ती आपोआप राहत नाही, कोणाच्या तरी अंगावरून ती वाट जाते. तिची जागा आपण कोणीही घेऊ शकलो असतो. त्या शेतात मीही उतरू शकले असते. मी भात शिजवत होते.

दोन वर्षांपूर्वी दीएपची इथली मुदत संपली. निघायच्या दिवशी ती सामान घेऊन सलूनमध्ये आली. खांब बंद, खुर्ची झाकलेली. तिने खुर्चीवरचं कापड काढलं आणि बसली. "हात्सुए-सान, केस डोळ्यांत येतात."

"अगं, मला नाही जमत आता."

"डाव्या हाताने."

मग मी भिंतीला लावलेला कान काढला आणि सरळ दारातूनच आत गेले. हात्सुए-सानने डाव्या हातात कात्री धरली. खूप वेळ लागला. कापून झालं तेव्हा कपाळावर केसांची रेघ एका भुवईवरून दुसऱ्या कानाकडे उतरत गेली होती, चांगली तिरपी. हात्सुए-सानने आरसा पुढे करायलाच नकार दिला. दीएपने तो स्वतः घेतला, बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे." तशीच विमानात बसून आपल्या आईकडे गेली. कुदो-सानने विमानतळावर तिच्या भाषेत एक वाक्य म्हटलं. मादोकाने त्यांच्याकडून महिनाभर पाठ करून घेतलं होतं. ते 'माफ करा' नव्हतं. 'पुन्हा या' होतं.

आता हात्सुए-सान नीगाताला मुलीकडे राहायला चालली आहे. मुलीने बोलावलं, नातवंडं आहेत, आणि तिथे खालच्या मजल्यावर खोली आहे. आपण तिला थांबवणार नाही. टेकडीचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. लिफ्ट जुनी होत चालली आहे, आपणही. शाळेत मुलं कमी आहेत. मागच्या दोन रांगांत बसलेली मंडळी, तुम्ही गोठ्यांवर कामाला या वर्षी आलात, दीएपला तुम्ही पाहिलेलंही नाही. तुमच्यातल्या कितीजणांची मुदत संपेल आणि तुम्ही जाल, तेही खरं. मी आज इथे मोठी आश्वासनं द्यावीत असं नगराध्यक्षांना वाटत असेल, पण टोफू रोजचा रोज करावा लागतो, त्यामुळे मला फार पुढचं बोलता येत नाही.

या समारंभासाठी सभागृह दिल्याबद्दल नगरपालिकेची, खुर्च्या लावल्याबद्दल माध्यमिक शाळेच्या मुलांची आणि जेवणासाठी महिला मंडळाची मी समितीतर्फे आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान कमी-जास्त झाला असेल, किंवा भिंतीपलीकडचं जे पलीकडेच राहायला हवं होतं ते इकडे आलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणखी एकच. काल मी हात्सुए-सानला विचारलं, उद्या तुमच्याबद्दल काय बोलू? ती म्हणाली, "माझ्याबद्दल कशाला? दिवसभर बर्फ पडतोय. परवा सकाळी लिफ्टखालचं फावड्याने कोण काढणार, ते विचार सगळ्यांना." तेव्हा तिचा मान राखून विचारते. उद्या सकाळी, सात वाजता, कोण कोण येणार? हात वर करा.

कुदो-सान. मादोका. मुख्याध्यापिका, वा! मागच्या रांगा... सगळ्या? खाली घेऊ नका, मला बघू द्या. सभापती, तुमचा हात मला नीट दिसत नाही. हां, आता दिसला.

हात्सुए-सान, तुम्ही हात खाली घ्या. तुमची नीगाताची गाडी सकाळची आहे.

नाही घेत?

बरं. मग तुमचं फावडं मी आणते. गाडी दुपारचीही असते.